चंद्रावर गेलेल्या घड्याळाच्या तीन नव्या आवृत्त्या

२०२१च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हातील एका लिलावात १९५७ सालचे एक पोलादी मनगटी घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला विकले गेले. ओमेगा कंपनीच्या 'स्पीडमास्टर' मालिकेतले ते अगदी पहिले प्रारूप होते, क्रमांक सी.के. २९१५. लिलावापूर्वीचा अंदाज एक लाख फ्रँकच्या आसपासचा होता. घेणारी होती स्वतः ओमेगा. तिला ते आपल्या संग्रहालयासाठी हवे होते. २०२३च्या जूनमध्ये याच कंपनीने जाहीर केले, की हे घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र करून जुळवलेले आहे.

त्यातले बरेचसे भाग खरोखरीच जुने होते आणि ओमेगाचेच होते. खोटी होती ती त्यांच्या एकत्र असण्याची कथा. विशेष म्हणजे, याच प्रारूपाची नवी आवृत्ती ओमेगाने २०१७ मध्ये स्वतः बाजारात आणली होती आणि तिला कोणीही बनावट म्हटले नाही. एकीकडे जुने भाग असूनही नकली ठरलेले घड्याळ, दुसरीकडे सगळे भाग नवे असूनही प्रामाणिक ठरलेले घड्याळ. हा फरक कशामुळे पडतो? स्पीडमास्टरच्या तीन आधुनिक आवृत्त्यांची तुलना करून त्याचे उत्तर शोधता येते. हा प्रश्न केवळ श्रीमंती छंदाचा नाही. जुनी वैज्ञानिक उपकरणे जपणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या किंवा पुन्हा घडवणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी भेटतो.

मूळ घड्याळ

स्पीडमास्टर १९५७ मध्ये आले तेव्हा अंतराळाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. ते मोटारशर्यतींसाठी आणि अभियंत्यांसाठी घडवलेले क्रोनोग्राफ होते, म्हणजे वेळ दाखवण्याबरोबरच कळ दाबून कालावधी मोजणारे घड्याळ. वेग मोजण्याची टॅकीमीटर पट्टी तबकडीवर छापण्याऐवजी तिच्याभोवतीच्या कड्यावर घेतली, हे त्याचे वेगळेपण. आतली यंत्रणा मात्र त्याहून जुनी होती. 'कॅलिबर ३२१' या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९४२ मध्ये लेमानिया कंपनीतील आल्बेर पिगे यांनी सिद्ध केली होती. तिचा तोलचक्राचा ठेका ताशी १८,००० ठोक्यांचा, म्हणजे सेकंदाला पाच. त्यामुळे या घड्याळाचा मोठा सेकंदकाटा पंचमांश सेकंदाच्या उड्या घेत चालतो आणि तबकडीवर प्रत्येक सेकंदाचे पाच भाग पाडलेले असतात.

१९६४ मध्ये नासाने अंतराळवीरांसाठी मनगटी क्रोनोग्राफ शोधायला सुरुवात केली. जेम्स रेगन या अभियंत्याकडे चाचण्यांचे काम आले. अकरा कसोट्या ठरल्या: ७१ अंश सेल्सिअसला ४८ तास आणि लगेच ९३ अंशांना अर्धा तास, उणे १८ अंशांना चार तास, ४० जी इतके सहा दिशांचे धक्के, ९५ टक्के आर्द्रतेत २४० तास, शिवाय निर्वात, शुद्ध ऑक्सिजन, कंपने आणि १३० डेसिबलचा आवाज. या सगळ्यातून शेवटपर्यंत चालू राहिले ते स्पीडमास्टर. मात्र त्याचा निकाल वाचण्यासारखा आहे. दाब उतरवण्याच्या कसोटीत ते २१ मिनिटे पुढे गेले, प्रवेगाच्या कसोटीत १५ मिनिटे मागे पडले आणि तबकडीवरचा चमकणारा लेप निकामी झाला. तरीही १ मार्च १९६५ रोजी ते उड्डाणास पात्र ठरले. नासाला अचूकतेचा विक्रम नको होता, कठोर परिस्थितीत बंद न पडणारे साधन हवे होते.

पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. जून १९६५ मध्ये एड व्हाइट यांनी अवकाशयानाबाहेर पाऊल टाकले तेव्हा एस.टी. १०५.००३ हे प्रारूप त्यांच्या हातावर होते. जुलै १९६९ मध्ये चांद्रयानातील कालमापक बिघडल्यामुळे नील आर्मस्ट्राँग यांनी आपले घड्याळ आतच ठेवले आणि चंद्रभूमीवर पोहोचले ते बझ ऑल्ड्रिन यांचे. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ संकटात असताना मार्ग सुधारण्यासाठी इंजिन १४ सेकंद पेटवायचे होते. ते १४ सेकंद जॅक स्वायगर्ट यांनी याच घड्याळावर मोजले.

दरम्यान १९६८ मध्ये ओमेगाने यंत्रणा बदलली होती. नव्या कॅलिबर ८६१ मध्ये कळीचे काम करणारे स्तंभचक्र गेले आणि त्याच्या जागी घडवायला सोपी, कॅमवर आधारलेली रचना आली. ठेकाही वाढला: ताशी २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा. तबकडीवरचे सेकंदाचे भाग मात्र पाचच राहिले. ही विसंगती लक्षात ठेवू. पुढे ती उपयोगी पडेल.

पहिली आवृत्ती: रूप तेच, हृदय वेगळे

२०१७ मध्ये, साठ वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने, ओमेगाने सी.के. २९१५ची आवृत्ती काढली. जुन्या घड्याळांचे डिजिटल स्कॅनिंग करून तिची मापे निश्चित केली होती. व्यास ३८.६ मिलिमीटर, भाल्याच्या रुंद टोकासारखा तासकाटा, कड्यावरची पट्टी धातूचीच. अशी ३,५५७ घड्याळे निघाली. हातात घेतले तर १९५७च्या घड्याळाशी असलेले साम्य थक्क करणारे आहे.

आत मात्र कॅलिबर १८६१ होते, म्हणजे १९६८च्या ८६१चाच सुधारलेला वंशज. १९५७च्या घड्याळात ही यंत्रणा असणे शक्यच नव्हते; तिचा जन्म तेव्हा झाला नव्हता. जुन्या पोथीचे अक्षरवळण हुबेहूब उतरवावे आणि मजकूर मात्र नंतरच्या प्रतीतून घ्यावा, तशी ही आवृत्ती आहे.

काट्यांवर आणि तबकडीवर पिवळसर तपकिरी रंगाचा लेप देण्यात आला. इथे थोडे थांबायला हवे, कारण जुन्या घड्याळांवरचा हा रंग म्हणजे केवळ रंग नसतो.

१९५०च्या दशकात अंधारात चमकणाऱ्या काट्यांसाठी रेडियम वापरत. रेडियममधून निघणारे अल्फा कण झिंक सल्फाइडच्या कणांवर आदळले की प्रकाश निघतो. रेडियम-२२६चे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे, म्हणून १९५७च्या तबकडीवर आजही मूळ रेडियमपैकी सुमारे ९७ टक्के शिल्लक आहे. तरीही ती तबकडी चमकत नाही. रेडियम थकलेले नाही. झिंक सल्फाइडची स्फटिकरचनाच त्या अखंड माऱ्याने मोडली आहे आणि लेप काळवंडला आहे. १९६०च्या दशकात रेडियमच्या जागी ट्रिटियम आले. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे. १९६९ साली लावलेल्या ट्रिटियमपैकी २०२५ पर्यंत सुमारे ४ टक्केच उरले. अशा घड्याळांच्या तबकडीवर तळाशी 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना रोमन लिपीतील 'टी' हे अक्षर छापलेले असे. ती ट्रिटियमची कबुली.

आजच्या आवृत्त्यांत किरणोत्सारी काहीही नसते. त्यांवर स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटवर आधारलेला लेप असतो. तो प्रकाशात ऊर्जा साठवतो आणि अंधारात हळूहळू सोडतो. तो मुळात फिकट असतो. त्याला पिवळसर रंग दिला जातो तो केवळ जुना दिसावा म्हणून. साठ वर्षांच्या किरणोत्साराने जे घडले त्याचे हे रंगकाम आहे. दिसायला ते सुंदर आहे, यात शंका नाही. पण मापे उतरवणे आणि वय उतरवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९५७ साली दुकानातून बाहेर पडलेल्या घड्याळाचा लेप असा नव्हता. त्यामुळे ही आवृत्ती १९५७च्या घड्याळाची प्रत नाही. १९५७चे घड्याळ आज जसे दिसते, त्याची ती प्रत आहे.

दुसरी आवृत्ती: हृदय तेच, पण घडण?

२०१९ मध्ये ओमेगाने कॅलिबर ३२१ पुन्हा घडवणार असल्याचे जाहीर केले. दोन वर्षे हे काम गुप्त ठेवलेले होते. संदर्भासाठी जुनी कागदपत्रे होती आणि एक प्रत्यक्ष घड्याळ होते: डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७च्या मोहिमेत जीन सर्नन यांनी चंद्रावर वापरलेले. ते उघडून सुटे करण्याऐवजी त्याची टोमोग्राफी करण्यात आली.

टोमोग्राफी म्हणजे रुग्णालयातील सी.टी. स्कॅनचेच तत्त्व. क्ष-किरण पदार्थातून जाताना किती क्षीण होतात हे त्याच्या घनतेवर आणि अणुक्रमांकावर अवलंबून असते. अनेक कोनांतून सावल्या घेतल्या की गणिताने आतला प्रत्येक छेद उभा करता येतो. हे गणित योहान राडोन यांनी १९१७ मध्ये मांडले. त्यावर आधारलेल्या वैद्यकीय यंत्रासाठी ॲलन कॉर्मॅक आणि गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९चे नोबेल मिळाले. पितळ, पोलाद आणि माणिक हे तिन्ही क्ष-किरणांना वेगवेगळा प्रतिसाद देतात, त्यामुळे बंद घड्याळातले दातेरी चक्र न् चक्र वेगळे दिसते.

२०२० मध्ये या यंत्रणेसह एड व्हाइट यांच्या घड्याळाच्या रूपातले ३९.७ मिलिमीटरचे पोलादी स्पीडमास्टर आले. ठेका पुन्हा सेकंदाला पाच. स्तंभचक्र परत आले. प्रत्येक घड्याळ एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जुळवतो. किंमतही साध्या स्पीडमास्टरच्या जवळपास दुप्पट.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे एक प्रश्न विचारायला हवा. टोमोग्राफीने काय कळते आणि काय कळत नाही? आकार कळतो, तोही उत्तम. पण पोलादाला कोणत्या तापमानाला पाणी दिले, त्याची कठीणता किती, हेअरस्प्रिंगच्या मिश्रधातूची लवचीकता तापमानाबरोबर कशी बदलते, धुऱ्यांवर कोणते तेल होते, हे त्या सावल्यांत उमटत नाही. ते कागदपत्रांतून, प्रयोगातून आणि कारागिराच्या अनुभवातून भरून काढावे लागते. म्हणजे सर्वांत निष्ठावान आवृत्तीतही एक भाग अनुमानाचा असतोच. शिवाय काही बदल जाणूनबुजून केलेले आहेत. मूळ यंत्रणेच्या पट्ट्यांना तांब्याची झाक होती, नव्या यंत्रणेला गुलाबीसर सोन्याचा मुलामा आहे. मूळ घड्याळाची काच ॲक्रिलिकची होती, नव्याची पुढची आणि मागची दोन्ही नीलमणी स्फटिकाच्या आहेत. चंद्रावर ॲक्रिलिक निवडण्यामागे कारण होते: ते ओरखडते, वाकते, पण फुटून त्याचे कण यानात तरंगत नाहीत. नव्या घड्याळाला चंद्रावर जायचे नाही. त्याला यंत्रणा दाखवायची आहे, म्हणून पाठही पारदर्शक.

तिसरी आवृत्ती: नाव तेच, भौतिकी नवी

२०२१ मध्ये नेहमीच्या उत्पादनातले स्पीडमास्टर बदलले. रूप १९६०च्या दशकातल्याकडे पुन्हा झुकवले: पायरीची तबकडी आली, कड्यावर ९० या आकड्याच्या बाजूऐवजी वर ठिपका आला. आत मात्र कॅलिबर ३८६१. यात इंग्लिश घड्याळकार जॉर्ज डॅनियल्स यांनी शोधलेले को-ॲक्सिअल एस्केपमेंट आहे, ज्यात दाते घासण्याऐवजी ढकलतात आणि तेलावरचे अवलंबन कमी होते. हेअरस्प्रिंग सिलिकॉनची आहे. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय मापनशास्त्र संस्थेच्या कसोटीनुसार हे घड्याळ १५,००० गाउसच्या चुंबकीय क्षेत्राला तोंड देते आणि दिवसाला ० ते ५ सेकंद पुढे, इतक्या मर्यादेत राहते.

१५,००० गाउस म्हणजे १.५ टेस्ला, नेहमीच्या एम.आर.आय. यंत्रात एवढे क्षेत्र असते. पृथ्वीचे क्षेत्र साधारण अर्ध्या गाउसचे. जुन्या घड्याळांतील पोलादी भाग आणि लोह-निकेलच्या स्प्रिंगा साध्या लाउडस्पीकरच्या चुंबकानेही भारल्या जात. स्प्रिंगेचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ पुढे पळत सुटे. सिलिकॉन चुंबकाला व्यवहारतः दादच देत नाही. ही सुधारणा दिखाऊ नाही. आजच्या घरातल्या अनेक फोनच्या झाकणांत चुंबक असते.

आता ती विसंगती आठवा. १९६८ पासून यंत्रणा सेकंदाला सहा ठोके देत होती आणि तबकडी मात्र सेकंदाचे पाचच भाग दाखवत होती. काटा रेघांवर थांबतच नव्हता. अर्धशतकाहून अधिक काळ ३२१ची ती खूण, अवशेषी अवयवासारखी, तबकडीवर टिकून राहिली. २०२१च्या घड्याळात प्रथमच सेकंदाचे तीन भाग केले गेले, म्हणजे प्रत्येक भागात दोन ठोके. परंपरेशी फारकत घेतलेली ही तबकडी मापनाच्या दृष्टीने १९५७च्या तबकडीला अधिक जवळची आहे, कारण दोन्हींत रेघा आणि ठोके जुळतात. काय जपायचे, रेघांची संख्या की रेघांमागचा हेतू, हे इथे एका मिलिमीटरहून कमी जागेत ठरले.

तीन आवृत्त्यांचा निवाडा

एकत्र पाहिले तर चित्र स्पष्ट होते. २०१७च्या आवृत्तीने रूप जपले. २०२०च्या आवृत्तीने यंत्रणा जपली. २०२१च्या आवृत्तीने प्रयोजन जपले: विपरीत परिस्थितीत न थांबणारे, वाचता येणारे साधन. रेगन यांच्या चाचण्यांचा आत्मा मला तिसरीत सर्वाधिक दिसतो, कारण नासाने १९६५ मध्ये जे मागितले होते ते रूप नव्हते आणि स्तंभचक्रही नव्हते. इतिहासाचा अभ्यास करायचा असेल तर मात्र मी दुसरी निवडेन. १९४२ची रचना हातात कशी लागते, चावी देताना आणि कळ दाबताना कसा प्रतिकार करते, हे तीच सांगू शकते. तिन्ही गोष्टी एकाच वस्तूत मिळणे अशक्य आहे. १९६०च्या दशकातले प्रयोजन आज पूर्ण करायचे तर १९६०च्या दशकातले साहित्य सोडावे लागते.

मराठी वाचकाला हा पेच अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा शेकडो हस्तलिखिते तपासून पाठ निवडला गेला. पण न निवडलेले पाठ फेकून दिले गेले नाहीत, ते पानाच्या तळाशी नोंदवले गेले. त्या तळटिपांमुळे वाचक संपादकांशी असहमत होऊ शकतो. नव्या घड्याळाची प्रामाणिकता याच कसोटीवर ठरते. २०१७च्या घड्याळात १८६१ आहे हे कंपनीने लपवले नाही. जिनिव्हाच्या लिलावातील घड्याळाला तळटीप नव्हती. दोन्हींत भाग बाहेरून आलेले, फरक नोंदीचा.

आपल्याकडेही याचे एक घरगुती रूप आहे. जगभरच्या घड्याळप्रेमींत 'मुंबई स्पेशल' ही संज्ञा रूढ आहे: जुनी यंत्रणा, नव्याने छापलेली भडक तबकडी, दुसऱ्याच घड्याळाचे काटे. बोलणाऱ्याच्या स्वरात तुच्छता असते. ती पूर्णतः न्याय्य नाही. सुटे भाग मिळत नसताना बंद पडलेले घड्याळ चालू करून देणे आणि गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून तबकडी रंगवून देणे ही सेवा होती, आणि त्यामागे मोठे कौशल्य होते. बंगळूरुमध्ये १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने सुरू झालेल्या एच.एम.टी.च्या घड्याळांवर सरकारने २०१६ मध्ये पडदा टाकला, तेव्हापासून त्यांच्या जुन्या घड्याळांना नवे मोल आले. रंगवलेली तबकडी 'मूळची' म्हणून विकली जाते त्या क्षणी दुरुस्ती फसवणूक होते. कारागिरी तीच असते. खोटे असते ते वाक्य.

म्हणून जुन्या घड्याळासमोर, किंवा कोणत्याही जुन्या उपकरणासमोर, तीन प्रश्न पुरेसे आहेत. यात काय जपले आहे? काय बदलले आहे? आणि तो बदल कुठे नोंदवला आहे? दुर्बीण असो, सूक्ष्मदर्शक असो की महाविद्यालयाच्या कपाटातला पितळी गॅल्व्हानोमीटर, तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कोणीतरी लिहून ठेवायला हवे असते आणि बहुधा ते लिहिलेले नसते. दुरुस्ती करताना एक चिठ्ठी ठेवायला पैसा लागत नाही.

नोंद नसेल तेव्हा भौतिकी थोडी मदत करते. रेडियम आणि त्याच्या अपत्य-मूलद्रव्यांतून निघणारे गॅमा किरण काचेतून बाहेर येतात, म्हणून साध्या गायगर गणकालाही ते कळतात. ट्रिटियमचे मंद बीटा कण काचेपलीकडे येत नाहीत. १९५७ची म्हणवणारी तबकडी गणकासमोर गप्प राहिली, तर तिचा लेप नंतर बदललेला असण्याची शक्यता विचारात घ्यावीच लागते. कागद खोटा करता येतो, रंगही. गेलेली वर्षे अणुकेंद्रांकडून परत मागता येत नाहीत.

चंद्रावर पहिल्यांदा वापरले गेलेले घड्याळ, ऑल्ड्रिन यांचे, आज कोणाकडे आहे हे ठाऊक नाही. स्मिथसोनियन संग्रहालयाकडे पाठवताना ते वाटेत गहाळ झाले. त्यामुळे बाजारातली प्रत्येक 'चांद्रआवृत्ती' त्याच्या भावंडांवरून काढलेली आहे. मूळ प्रत हरवलेली आणि तिच्या आवृत्त्या मात्र दरवर्षी निघत असलेली, ही अवस्था ग्रंथांच्या इतिहासात नेहमीची आहे. तिथे आपण संपादकाला जे विचारतो, तेच घड्याळजीला विचारायला हरकत नसावी.